तीन ठिपके, दोन खाचा

जयसिंग शितोळे आणि मैनुद्दीन मिस्त्री यांचं बोलणं बंद झालं ते एका ऑइल इंजिनापायी, आणि ते इंजिन नेमकं विजयमालेच्या माहेरचं निघालं. त्यामुळे जयसिंगची बायको म्हणून आपण कुणाची बाजू घ्यावी, हे तिला धड कळेना.

मांजरीला तिच्या भावाची, बजरंगची, उसाची शेती होती. ऐन पाण्याच्या पाळीत त्याचं इंजिन धूर ओकायला लागलं, म्हणून त्यानं ते बिबवेवाडीला मेव्हण्याच्या दुकानात आणून टाकलं. दुकान दोघांच्या भागीदारीतलं. मार्केट यार्ड गुलटेकडीला आलं त्या सुमारास दोघांनी ते थाटलं होतं, आणि तेव्हापासून हडपसर, मांजरी, पार सासवडपर्यंतचे शेतकरी आपापली इंजिनं नि पंप घेऊन तिथं येत. बजरंगचं इंजिन दोघांनी मिळून उघडलं आणि मिळूनच जोडलं. पण शेतावर नेल्यावर आठवडाभरही चाललं नाही. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, ढिलं पडून त्याखालचं पॅकिंग उडालं आणि निम्मा ऊस पाण्यावाचून राहिला.

बजरंग दुकानात आला तेव्हा दोन-तीन गिऱ्हाइकं बसलेली होती. तो म्हणाला, "दाजी, नट आवळलंच न्हवतं का काय? नुसत्या हातानं फिरत्यात की."

मैनुद्दीन खाली बसून पंपाची जाळी साफ करत होता. मान वर न करता तो म्हणाला, "ज्यानं आवळले त्याला विचारा."

"म्हणजे कुणाला?" जयसिंगनं विचारलं.

"ज्यानं आवळले त्याला."

पुण्यात मुरलेल्या माणसांना भांडायला यापेक्षा जास्त शब्द लागत नाहीत. हेड कुणी आवळलं होतं ते खरं तर दोघांनाही आठवत नव्हतं. अर्धे नट एकानं, अर्धे दुसऱ्यानं, असंच त्यांचं काम चाले. पण चार माणसांत निघालेला शब्द कुणालाच मागे घेता येईना. महिना गेला. एकाच दुकानात, एकाच बाकावर बसून दोघं गिऱ्हाइकांमार्फत एकमेकांशी बोलत राहिले, आणि शेवटी वेगळं व्हायचं ठरलं.

दुकानाची जागा आप्पासाहेब थोपट्यांची. पोस्टातून निवृत्त झालेले हे गृहस्थ दुकानाच्या मागेच राहत, आणि आपलं मत विचारलं जाईपर्यंत थांबण्याची त्यांना सवय नव्हती. वाटणीला तेच बसले. जागा जयसिंगनं ठेवावी, मैनुद्दीननं विश्रांतवाडीला एक गाळा पाहून ठेवला होता तिथं जावं, ड्रिल मशीन याला, वेल्डिंगचं त्याला, हे सगळं चहा निवायच्या आत मिटलं. गाडी अडली ती हत्यारांवर.

दुकान काढलं तेव्हा दोघांनी आपापली पेटी आणली होती. मैनुद्दीनची वडिलांकडून आलेली, जयसिंगनं कारखान्यात शिकाऊ असताना जमवलेली. सरमिसळ नको म्हणून जयसिंगनं आपल्या प्रत्येक हत्यारावर पंचनं तीन ठिपके मारले होते आणि मैनुद्दीननं आपल्यावर कानशीनं दोन खाचा पाडल्या होत्या. पहिलं वर्षभर कोण कुठल्या पेटीत हात घालतो त्यावर लक्ष असे. पुढे जे हाताला लागेल ते ज्याच्या त्याच्या कामी येऊ लागलं. त्यातून कामाच्या हत्याराला फडक्यानं पुसणं वेगळं आणि धुणं वेगळं, धुवायची ती भांडी, आणि तीही बायकांनी, असा दोघांचाही ठाम समज. वर्षानुवर्षं ग्रीस, त्यावर धूळ, त्यावर पुन्हा तेल, असे थर चढत गेले. आता पाने, पकडी, छिन्न्या सगळ्या एकाच काळ्या रंगाच्या झाल्या होत्या.

आप्पासाहेबांनी पेटीत हात घालून एक वस्तू बाहेर काढली, उलटसुलट करून पाहिली आणि परत टाकली. "यात पाना कुठला आणि शेवग्याची शेंग कुठली, मला सांगता येत नाही. आधी धुवून काढा. खुणा दिसतील. ज्याची खूण त्याचा माल."

"धुणार कोण?" जयसिंग म्हणाला.

"तुम्ही एकट्यानं धुतलंत तर त्यांना शंका. त्यांनी एकट्यानं धुतलं तर तुम्हाला. दोघं मिळून बसलात तर हातात हातोड्या आहेत." आप्पासाहेबांनी हात पुसायला फडकं मागितलं. "दोघांनीही घरून माणूस पाठवा."

अशा रीतीनं विजयमाला आणि मैनुद्दीनची बायको सकीना समोरासमोर आल्या.

त्यांची ओळख म्हणावी तर जुनी होती. घोरपडे पेठेतल्या सकीनाच्या हातचं विजयमालेनं कितीदा खाल्लं होतं, कारण ईदेला जयसिंगचा डबा शेवया भरून परत येई. इकडून दिवाळीला करंज्या जात. पण दोघींची प्रत्यक्ष भेट झाली असेल दोन लग्नांत आणि मैनुद्दीनचे वडील गेले तेव्हा. आता दुकानामागच्या पत्र्याच्या आडोशाला, नळाजवळच्या फरशीवर दोघी बसल्या, मधे दोन काळ्या पेट्या, आणि बोलायचं काय हेच सुचेना. नवऱ्यांचं भांडण चालू असताना त्यांच्या बायकांनी हसून बोलणं बरं दिसतं की नाही, याचा विजयमाला मनातल्या मनात विचार करत होती.

तिनं घरून धुण्याचा सोडा, राख आणि नारळाचा काथ्या आणला होता. एक मोठी पक्कड उचलून तिनं गरम सोड्याच्या पाण्यात बुडवली आणि काथ्यानं घासायला घेतली. पाणी काळं झालं, काथ्या काळा झाला, तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले. पक्कड होती तशीच राहिली.

सकीना थोडा वेळ पाहत बसली. मग म्हणाली, "वहिनी, रागावू नका, पण तूप लागलेलं पातेलं तुम्ही आधी पाण्यात घालता का?"

"नाही. आधी निपटून घेते."

"मग हेही निपटूनच घ्यावं लागेल."

सकीनानं पिशवीतून एक जुनं उलथनं काढलं, आणि रेशनच्या रॉकेलचा छोटा डबा. मग काम रांगेला लागलं. आधी उलथन्यानं जाड थर खरवडायचा. तो मेणासारखा सोलून निघे, आत कुठं लोखंडाचा कीस, कुठं सुतळीचा तुकडा, एकदा तर अख्खी मेलेली गांधीलमाशी निघाली. मग घमेल्यात थोडं रॉकेल घेऊन त्यात हत्यार भिजत टाकायचं आणि ब्रशानं सांदीकोपरे झाडायचे. ते काढून लाकडाच्या भुशात घोळवायचं, की भुसा उरलंसुरलं तेल पिऊन घेई. सोड्याचं गरम पाणी त्यानंतर. संध्याकाळपर्यंत पत्र्याखाली पोत्यावर पाने ओळीनं चकचकत होते. दोघींनी कमरेवर हात ठेवून ते पाहिले आणि घरी गेल्या.

सकाळी विजयमाला आधी पोचली. तिनं पोत्यावरचं फडकं उचललं आणि ती तिथंच खाली बसली. सगळी हत्यारं तांबूस झाली होती. कुंकू उडवल्यासारखा गंज चढला होता, पान्याच्या तोंडापासून दांड्यापर्यंत.

सकीना आली, तिनं पाहिलं, आणि बुरख्याचं टोक तोंडाशी धरलं. विजयमालेला वाटलं, आता ही म्हणणार, सोड्याचं पाणी तुमचं होतं. तिच्या मनातही उत्तर तयार होतं, की पाण्यातून काढल्यावर वाळवायची जबाबदारी तुम्ही घेतली होती. हा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिला एकदम बजरंगचं इंजिन आठवलं. असंच तर सुरू झालं होतं.

"आपलंच चुकलं," ती म्हणाली. "तवा घासून ठेवला की तेलाचा हात फिरवतोच ना आपण. हेही लोखंडच."

सकीनानं सुस्कारा सोडला. "यांना कळलं तर दोघं आधी आपल्यावर ओरडायला एक होतील."

"तेवढ्यापुरतं तरी होतील."

यावर सकीना हसली, आणि तिचं हसू पाहून विजयमालाही हसली. मग दोघींनी आप्पासाहेबांच्या घरातून पॉलिश पेपर मागून आणला आणि कालचं सगळं काम पुन्हा केलं. एकेक तुकडा घासायचा, पुसायचा, उन्हात ठेवायचा आणि लगेच मशीनचं पातळ तेल फिरवायचं. आप्पासाहेब मधे येऊन डोकावले. "कालच धुवून झाले होते ना हे?" त्यांनी विचारलं.

"दोन हात दिल्याशिवाय मळ निघत नाही," सकीना गंभीरपणे म्हणाली.

"असं," म्हणून आप्पासाहेब गेले. त्यांना कळलं होतं, पण ते कुणापाशी बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत ही नवलाची गोष्ट होती.

गुपित सांभाळायचं म्हटल्यावर दोघींमधला अवघडलेपणा गेला. हात चालू आणि तोंडं चालू, असे पुढचे दिवस गेले. मुलांची लग्नं, गुडघे, जावा-नणंदा सगळं झालं. एका दुपारी विजयमाला म्हणाली, "मैनुद्दीनभाईंना माझ्या बाजरीच्या भाकरी फार आवडतात ना? हे रोज सांगायचे, दोन जास्त घाल, मैनुद्दीनला लागतात. आता महिनाभर मागतच नाहीत, तर चुकल्यासारखं होतं."

सकीनानं हातातला पाना खाली ठेवला. "बाजरीच्या? अहो वहिनी, त्यांच्या दाढा केव्हाच गेल्यात. घरी मी पोळीसुद्धा दुधात भिजवून देते."

"मग त्या भाकरी?"

"ते मला काय ठाऊक. पण तुमच्या ह्यांना माझा मटणाचा खिचडा आवडतो म्हणून मी दर जुम्म्याला वाटीभर जास्त द्यायची. डॉक्टरांनी आमच्या यांचं मटण बंद केलंय, म्हणजे ती वाटी तुमच्याच ह्यांची. चाटूनपुसून परत यायची."

"आमच्या ह्यांना खिचडा?" विजयमाला म्हणाली. "ते डाळ-गहू एकत्र शिजवलेलं काही तोंडात घालत नाहीत."

 हळूहळू उलगडा झाला. इकडे जयसिंग मैनुद्दीनच्या नावावर दोन भाकरी जास्त खात होता, आणि तिकडे मैनुद्दीन जयसिंगच्या नावावर मटण. एकमेकांचं गुपित सांभाळत, समोरासमोर बसून, इतकी वर्षं. विजयमालेला इतकं हसू आलं की तिला पदर तोंडाला लावावा लागला, आणि पदराचा काळा डाग गालावर उमटला.

खुणा आता दिसू लागल्या होत्या. तीन ठिपके डाव्या पोत्यावर, दोन खाचा उजव्या पोत्यावर. पण सगळंच इतकं सरळ नव्हतं. काही हत्यारांवर काहीच खूण नव्हती, आणि काहींवर ठिपकेही होते आणि खाचाही. ही दोघांनी नंतर मिळून घेतलेली असणार. त्यांच्यासाठी मधे तिसरं पोतं अंथरावं लागलं.

मधल्या पोत्यावरचंच एक हत्यार विजयमाला पुसत होती. जाडजूड बॉक्सपाना, म्हणजे नळीसारखा, ज्याचं तोंड नटावर टोपीसारखं बसतं. त्याच्या तोंडात ग्रीस अगदी दगडासारखं घट्ट झालं होतं. ते तिनं खिळ्यानं टोकरून काढलं, रॉकेल लावलं, आणि आतून बोट फिरवलं तर नखाला काहीतरी अडकलं. तिनं पुन्हा फिरवलं. कपाला तडा गेलेला असला की तो दिसायच्या आधी बोटाला लागतो, तसं.

"भाभी, इकडे या जरा."

उजेडात धरल्यावर दिसलं. तोंडापासून वर बोटभर लांबीची चीर गेली होती. इतके दिवस ती ग्रीसनं बुजलेली होती. सकीनानं पेटीतला एक मोठा नट आणून त्यात बसवला, विजयमालेला तो पकडीनं धरायला लावला आणि पाना जोर लावून फिरवला. पान्याचं तोंड किंचित उकललं, नटावरून सटकलं, आणि हाताला एक गचका बसला. नट घट्ट बसल्यावर बसतो तसाच.

दोघींना हत्यारांतलं कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं. "हेडचे नट यानंच आवळतात," विजयमाला म्हणाली. "बजरंगच्या इंजिनाच्या वेळी मी डबा घेऊन आले होते. हाच होता, बाहेर पडलेला."

"मग आता?"

"आता काय. हात लावायचा नाही. ठेवायचा मधल्या पोत्यावर, बाकीच्यांसारखा."

रविवारी दोघं नवरे आले. जयसिंगनं तीन पोत्यांवर मांडलेली हत्यारं पाहिली आणि तो दारातच थबकला. मैनुद्दीन खाली बसला आणि एक पक्कड हातात घेऊन बराच वेळ तिचा दांडा चोळत राहिला. वडिलांच्या पेटीतली होती. तिच्यावर एका इंग्रजी कंपनीचं नाव होतं, ते त्यानं लहानपणानंतर पहिल्यांदाच पाहिलं. "अब्बांच्या हातात अशी दिसायची," तो म्हणाला, कुणाला उद्देशून नाही.

विजयमालेनं मधल्या पोत्यावरचा बॉक्सपाना उचलून जयसिंगच्या हातात दिला. "याच्या तोंडात बोट घाला."

जयसिंगनं घातलं. चेहऱ्यावर काही न दाखवता त्यानं तो पाना मैनुद्दीनपुढे धरला. मैनुद्दीननं पाहिलं, नखानं चाचपलं, उन्हात फिरवून पुन्हा पाहिलं.  

"गचका बसला म्हणजे मला वाटलं, बसला घट्ट," मैनुद्दीन अखेर म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं होतं," जयसिंग म्हणाला. "माझे निम्मे होते."

"निम्मे माझे."

महिन्याभरात ते एकमेकांशी बोलले ते हे. विजयमालेला वाटलं, आता मिठी मारतील, किंवा निदान वेगळं व्हायचं राहू दे म्हणतील. तसं काही झालं नाही. मैनुद्दीननं विश्रांतवाडीच्या गाळ्याला शब्द दिला होता, त्याच्या मुलानं तिकडेच नोकरी धरली होती, आणि जयसिंगलाही मनातून एकदा दुकान आपल्या पद्धतीनं चालवून पाहायचं होतं. भांडण संपलं तरी वेगळं होणं राहिलंच. फक्त आता त्यात कडूपणा नव्हता.

आप्पासाहेब खुर्ची घेऊन आले. "ठिपके यांचे, खाचा त्यांच्या. मधल्याचं काय करायचं बोला."

"एक मिनिट," सकीना म्हणाली.  "खुणेप्रमाणे वाटलंत तर दोघांचंही नुकसान आहे. हे पाने मी हातांनी धुतलेत. ठिपक्यांत लहान पाने सगळे आहेत, दोन-दोनसुद्धा, पण मोठे दोनच. खाचांत मोठे सगळे, तेही दोन-दोन, बारीक एक नाही. एकाला बारीक नट सुटणार नाही, दुसऱ्याला मोठा. संच मोडून काय उपयोग?"

"वाट्या याला आणि ताटं त्याला, असं होईल," विजयमाला म्हणाली.

जयसिंग आणि मैनुद्दीन यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मैनुद्दीन म्हणाला, "तुम्हीच लावा मग, वहिनी. तुम्ही आणि ही."

दोघींनी तिन्ही पोती एकत्र केली आणि नव्यानं मांडामांड केली. लहानापासून मोठ्यापर्यंत एक ओळ इकडे, एक तिकडे. जिथं एकच नग होता तिथं कुणाला जास्त लागेल ते विचारून. मैनुद्दीनच्या वडिलांची पक्कड तेवढी न विचारता त्याच्याकडे गेली. जयसिंगच्या पेटीत दोन खाचांचे पाने आले, मैनुद्दीनच्या पेटीत तीन ठिपक्यांचे, आणि कुणी हरकत घेतली नाही. चिरलेला बॉक्सपाना जयसिंगनं भंगारात टाकला.

"म्हणजे खुणा बघायच्याच नव्हत्या," आप्पासाहेब म्हणाले. "मग त्या शोधायला रेशनचं रॉकेल कशाला जाळलंत?"

"जाळलं नाही, आप्पासाहेब," विजयमाला म्हणाली. "त्यानं धुतलं."

टेम्पो आला. पेटी चढवताना एक बाजू जयसिंगनं धरली. सकीना पुढे बसली. जाताना तिनं विजयमालेला घरचा पत्ता सांगितला, मशिदीच्या मागची दुसरी गल्ली, निळं दार. एवढ्या वर्षांत तो विचारायची कधी वेळच आली नव्हती. टेम्पो वळेपर्यंत जयसिंग रस्त्यात उभा होता.

सोमवारी सकाळी त्यानं जरा लवकरच दुकान उघडलं. अकराच्या सुमाराला विजयमाला तिकडे गेली तेव्हा तो एका पंपाशी झटत होता. पंपाचं दुसरं टोक कुणीतरी धरल्याशिवाय बोल्ट बसत नव्हता, आणि त्यानं ते टोक विटांवर टेकवून पाहिलं होतं, गुडघ्यात धरून पाहिलं होतं. तिनं पदर खोचला आणि समोर बसून ते टोक दोन्ही हातांनी धरलं.

"हात काळे होतील," तो म्हणाला.

"व्हायचे तेवढे झालेत."

बोल्ट बसला. तेवढ्यात फुरसुंगीकडचा एक जुना शेतकरी मोटारसायकलवर पंप बांधून आला. आत डोकावून त्यानं विचारलं, "दुसरं मिस्त्री न्हाईत व्हय? त्यांनीच बगितला हुता माजा पंप मागल्या टायमाला."

"विश्रांतवाडीला गेलेत, स्वतःच्या दुकानात," जयसिंग म्हणाला. "त्यांच्याकडेच दाखवायचा असेल तर पत्ता देतो. काम चोख आहे त्यांचं."

शेतकऱ्यानं थोडा विचार केला आणि मोटारसायकलवरचा दोर सोडायला सुरुवात केली. "एवड्या लांब कोण जातंय आता," तो म्हणाला. "तुमीच बगा."

विजयमालेनं जागेवरून न उठता पंप ठेवायला फरशीवर पोतं सरकवलं.